व्याह्यांनी जेवायला बोलावलं, वर म्हणाले ‘येताना काहीतरी आणा’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या, वय साठीच्या आसपास. मुलगी स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला इंजिनिअर आहे आणि तिथल्याच एका मुलाबरोबर राहते. पुढच्या वर्षी लग्न करायचं घाटतंय. जूनमध्ये ताई आणि त्यांचे मिस्टर पहिल्यांदाच तिकडे निघालेत. मिडसोमर हा तिकडचा उन्हाळ्यातला मोठा सण. त्या दिवशी मुलाच्या आईवडिलांनी त्यांच्या समुद्रकाठच्या उन्हाळी घरी दोघांना जेवायला बोलावलं आहे. निरोप असा: ‘दुपारी एक वाजता या. सॅलड किंवा काहीतरी गोड घेऊन या. पिण्याचं ज्याने त्याने आपापलं आणायचं.’ ताईंना हा निरोप फार लागला. ‘व्याही पहिल्यांदा घरी येणार म्हटल्यावर आपण चार दिवस आधीपासून तयारीला लागतो, आणि हे लोक आम्हालाच पदार्थ आणायला सांगतात!’ त्यातच शेजारणीने कुठलासा व्हिडिओ दाखवला की स्वीडनमध्ये घरी आलेल्या मुलांच्या मित्रांनाही जेवायला देत नाहीत. ताई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत. मिस्टर मासे खातात, पण सध्या ‘असल्या ठिकाणी जायचंच कशाला?’ यावर अडून बसलेत. मुलगी म्हणते, ‘आई, उगाच इश्यू करू नकोस.’ जावं का, गेलं तर आपला डबा न्यावा का, आणि तिथे वागायचं कसं, असे ताईंचे प्रश्न आहेत.

ताई,

आधी त्या निरोपाकडे बघू, कारण तुमचा निम्मा राग तिथेच आहे. तो तुम्ही व्याह्यांकडून आलेला निरोप म्हणून वाचलात. त्यांनी मात्र तो व्याह्यांना पाठवलेला नाही. मुलाची मैत्रीण आणि तिचे आईवडील आपल्याबरोबर सण करायला येणार, एवढंच त्यांच्या मनात आहे. मुलीकडचे आणि मुलाकडचे, कुणी कुणाला मान द्यायचा, पहिल्या भेटीत कोण वाकणार, हा सगळा हिशेब त्या घरात कुणाला ठाऊकच नाही. मिडसोमरच्या जेवणाला प्रत्येक घराने काहीतरी घेऊन जायचं, ही तिकडे सर्रास चालणारी पद्धत आहे. आपल्याकडे सोसायटीच्या कोजागिरीला एकीकडे भेळ आणि दुसरीकडे भजी वाटून देतात, तेव्हा आपला अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. तुम्हाला वाटून दिलं गेलं याचा अर्थ तुम्हाला त्या घोळक्यात धरलं आहे. परक्या, औपचारिक पाहुण्याला कुणी ‘सॅलड आण’ म्हणत नाही.

पिण्याचं आपापलं आणायचं, यामागचं कारण तर निव्वळ व्यवहाराचं आहे. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली दारू, कडक बिअरसुद्धा, घरी न्यायची तर मुख्यतः ‘सिस्टेमबोलागेत’ या सरकारी दुकानांतच मिळते, तीही वीस वर्षं पूर्ण झालेल्यांना. दारू महाग असते आणि रविवारी ही दुकानं बंद असतात. पंधरावीस माणसांच्या दारूचा खर्च एका घरावर पडू नये म्हणून ही सोय आहे. तुम्ही दोघं पीत नसाल तर प्रश्नच मिटला. त्याचं पुढे सांगते.

आता शेजारणीचा व्हिडिओ. ही गोष्ट २०२२ च्या मे-जूनमध्ये जगभर फिरली. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं की लहानपणी स्वीडिश मित्राच्या घरी खेळायला गेलो, जेवायची वेळ झाली तेव्हा ते सगळे जेवायला गेले आणि मी खोलीत बसून राहिलो. त्यावर कित्येक स्वीडिश लोकांनी ‘हो, आमच्या लहानपणी असं व्हायचं’ असं कबूल केलं, आणि कित्येकांनी ‘आमच्याकडे कधीच नाही’ असंही ठणकावलं. ज्यांनी कबूल केलं त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: त्या मुलाच्या घरी त्याचं जेवण तयार असणार, त्याच्या आईला न विचारता आपण त्याचं पोट कसं भरायचं? शिवाय समोरच्यावर आपल्या उपकाराचं ओझं टाकू नये. तुम्हाला हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पोर घरात असताना ताट न वाढणं मला जमणार नाही. पण त्याला कंजूषपणा म्हणायला मी तयार नाही. याच देशात शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण फुकट द्यायचं, असा कायदा आहे. तिथे श्रीमंत-गरीब असा भेद नाही. मुलांना खाऊ घालायचं त्यांच्याही मनात आहेच. फक्त कुणी, केव्हा आणि कुणाला विचारून घालायचं, याची त्यांची रीत निराळी आहे. आणि तुम्ही काही अचानक दारात उभ्या राहणार नाही आहात. तुम्हाला तारीख आणि वेळ देऊन बोलावलंय. बोलावलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवणारी ती माणसं नव्हेत.

तुमची खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी होणार आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षरही लिहिलेलं नाही. ती अडचण म्हणजे आपलं ‘नको’.

आपण काय करतो बघा. कुणी विचारलं, ‘थोडं घ्या ना,’ की आपण पहिल्यांदा ‘नको नको, पुष्कळ झालं’ म्हणतो. पोटात जागा असली तरी म्हणतो. मग ते आग्रह करतात, आपण हात आडवा धरतो, ते हाताच्या बाजूने वाढतात, आणि शेवटी दोन्ही बाजूंना बरं वाटतं. स्वीडिश घरात तुम्ही पहिल्यांदा ‘नको’ म्हणालात की भांडं पुढच्या माणसाकडे जाईल. त्यात तुसडेपणा नसतो. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, तुम्हाला भरीस घालायचं नाही, हाच त्यांचा आदर. तुमच्यासारख्या कित्येक आया तिकडून अर्धपोटी उठल्यात आणि घरी येऊन ‘साधं विचारलंसुद्धा नाही दुसऱ्यांदा’ म्हणून डोळे पुसलेत. तेव्हा एवढं पाठ करून जा: हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणायचं. भांडं लांब असेल तर मागून घ्यायचं. बहुतेक जेवणात भांडी टेबलावर फिरतात आणि ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं असतं. कुणी वाढायला उभं राहणार नाही. दुसऱ्यांदा घेतलंत तर घरच्या बाईला आनंदच होईल.

याची दुसरी बाजू तुम्ही त्यांना मुलीच्या घरी बोलवाल तेव्हा दिसेल. बोलवाच. तिकडे ताटात टाकणं बरं दिसत नाही, म्हणून घेतलेलं सगळं संपवतात. आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की आपण वाढतो. म्हणजे ते सभ्यपणाने संपवणार, तुम्ही प्रेमाने वाढणार, ते पुन्हा संपवणार. चौथ्या पुरीला त्या मुलाच्या वडिलांचा चेहरा कसा होईल, ते मी डोळ्यांसमोर आणू शकते. एकदा विचारा. ‘नो, थँक यू’ आलं की भांडं खाली ठेवा. हात शिवशिवतील, पण ठेवा.

आता तुमचं खाणं. तुम्ही शाकाहारी आहात हे मुलीने सांगितलं असेलच, पण तेवढ्याने भागत नाही. तिकडे शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं असं धरूनच चालतात, आणि ‘मासे तर खात असाल ना?’ असंही अगदी सहज विचारतात. मला भीती आहे ती पुढची. तुमच्यासाठी म्हणून त्या बाई खास, मेहनतीने वेस्टरबॉटेन चीजचा पाय करतील. हा खारा पाय मिडसोमरला बऱ्याच घरांत असतो, दिसायलाही देखणा, आणि त्यात अंडी असतात. तो तुमच्यापुढे कौतुकाने ठेवला गेल्यावर ‘मी नाही खात’ म्हणणं दोघींनाही जड जाईल. म्हणून आठवडाभर आधी मुलीला निरोप पाठवायला सांगा. आडपडदा नको, सरळ असं लिहू दे:

‘आई मांस, मासे, कोळंबी, अंडं आणि जिलेटिन खात नाही. दूध, दही, लोणी, क्रीम चालतं. बटाटे, भाज्या, ब्रेड आणि स्ट्रॉबेरी असल्या की तिचं छान जेवण होतं, वेगळं काही करू नका. बाबा मासे आवडीने खातात, पण गोमांस आणि डुकराचं मांस खात नाहीत.’

असं लिहिणं आपल्याला उद्धट वाटतं. त्यांना ते सोयीचं वाटतं. तिकडे पाहुणे बोलावताना ‘काही खात नाही असं आहे का?’ हा प्रश्न नेहमीचा आहे. शेवटची ओळ मिस्टरांसाठी आहे, कारण स्वीडनचे प्रसिद्ध मीटबॉल बहुतेक वेळा गोमांस आणि डुकराच्या मांसाच्या मिश्रणाचे असतात आणि नुसतं बघून ते कळत नाही.

डोळ्यांना फसवणारे पदार्थ आणखीही आहेत. वाढदिवसाच्या केकसारखा दिसणारा, वर काकडीची फुलं आणि लिंबाच्या चकत्या लावलेला एक प्रकार असतो, स्मोर्गोसटोर्टा. तो गोड नसतोच. ब्रेडच्या थरांमध्ये मेयोनीज आणि वर बहुधा कोळंबी किंवा साल्मन. टूथपेस्टसारख्या निळ्या ट्यूबमधून ब्रेडवर पिळतात ते गुलाबीसर काहीतरी म्हणजे माशाची अंडी. रंगीबेरंगी गोळ्या-चॉकलेटं सुट्टी, वजनावर मिळतात. त्यांतल्या चिवट गोळ्यांमध्ये बहुतेकदा जिलेटिन असतं. चीज बनवताना पुष्कळदा जनावराच्या पोटातलं विरजण वापरतात. तुम्ही तेही पाळत असाल तर चीज सोडून द्या. पाळत नसाल तर उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका.

आणि खायला काय असेल? मिडसोमरचा मुख्य पदार्थ म्हणजे नवे बटाटे. लहान, पातळ सालीचे, सालासकट शेपू घालून उकडलेले. हो, शेपूच. घरात ज्यांना शेपूची भाजी बघून नाक मुरडायची सवय आहे, त्यांची स्वीडनमध्ये सुटका नाही. ती बटाट्यात असते, माशावर असते, सॉसमध्ये असते. बटाट्याबरोबर लोणी, आंबट क्रीम आणि बारीक चिरलेली पातीसारखी चाइव्हज. क्नेकेब्रोद म्हणजे राईची कडक, पापडासारखी मोडणारी भाकरी. काकडीचं आंबटगोड लोणचं, सॅलड. शेवटी त्याच मोसमातल्या स्ट्रॉबेरी आणि क्रीम. त्यातून केक केला असेल तर अंडं आलंच, पण नुसत्या स्ट्रॉबेरी वेगळ्या काढून ठेवायला सांगता येतात. संध्याकाळी शेगडीवर भाजायला घेतील तेव्हा हलूमी चीज किंवा मका तुमच्यासाठी वेगळ्या फॉइलवर ठेवायला सांगा. तेवढं सहज करतात.

मिस्टरांची मात्र चंगळ आहे, थोडी तयारी करून गेले तर. टेबलावर सिल असेल. हा हेरिंग मासा, आपल्या तारलीच्या कुळातला. व्हिनेगर, साखर आणि मसाल्यात मुरवलेला, कुठे मोहरीच्या सॉसमध्ये. शिजवलेला नसतो आणि गोडसर लागतो. तिखटजाळ बांगड्याची सवय असलेल्या जिभेला पहिला घास विचित्र वाटतो. एकच तुकडा बटाट्याबरोबर घेऊन बघा म्हणावं. ग्राव्हलाक्स म्हणजे मीठ, साखर आणि शेपूत मुरवलेला साल्मन, तोही न शिजवलेला. ज्या आंबवलेल्या माशाच्या डब्याचे व्हिडिओ बघून लोक नाक धरतात, त्याची धास्ती नको. तो उत्तरेकडचा प्रकार आणि त्याचा मोसम ऑगस्टअखेरचा. पण घर बोहुसलेनच्या, म्हणजे गॉथेनबर्गच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आहे, तेव्हा कोळंबी येण्याची शक्यता दांडगी. बोटीवरच उकडलेली, सालासकट, टेबलाच्या मधोमध मोठ्या भांड्यात. तिथे काटेचमचे बाजूला ठेवून सगळे हाताने सोलतात: डोकं पिरगळून काढायचं, पोटाकडून साल सोडवायचं, शेपूट ओढायची. मग ब्रेडवर लोणी, मेयोनीज, लिंबू आणि वर रचलेली कोळंबी. हे काम मिस्टर त्या टेबलावरच्या कुणाहीइतकं सफाईने करतील. भाषा न येणाऱ्या माणसाला अशा वेळी कसा आधार वाटतो, ते तुम्हाला सांगायला नको.

वाढून घेण्याचाही एक क्रम असतो. थंड मासे आधी, मग बाकीचं थंड, मग गरम, शेवटी गोड. सगळं एकाच ताटात रचू नका. थोडं घ्या, पुन्हा जा. लोण्याची लाकडी सुरी सगळ्यांची असते, आपली सुरी लोण्यात घालायची नाही. चीज किसणीसारख्या चपट्या पात्याने ओढून काढतात, तेही सपाट. एकाच बाजूने ओढत राहून उतार करून ठेवला की स्वीडिश माणूस तोंडाने काही बोलत नाही, पण मनात नोंद करतो.

जेवताना मधेच सगळे गाणी म्हणायला लागतील. बऱ्याच घरांत कागदावर शब्द छापून ठेवतात. गाणं संपलं की ‘स्कोल’ म्हणून चिमुकला ग्लास उचलतात, घोट घेण्याआधी आणि नंतर एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. तुमच्या ग्लासात पाणी असलं तरी चालतं, डोळ्यांत बघणं तेवढं चुकवू नका. यजमानांनी पहिला ग्लास उचलेपर्यंत थांबायचं. दारू नको म्हटलं तर कुणी कारण विचारत बसत नाही. जेवणाआधी किंवा नंतर पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती फेर धरतील आणि मोठी-मोठी माणसं बेडकासारख्या उड्या मारतील. गुडघे बरे असतील तर सामील व्हा.

मग न्यायचं काय? माझं मत विचाराल तर श्रीखंड. तिकडे दहा टक्के स्निग्धांशाचं तुर्की दही सगळीकडे मिळतं. रात्री कापडात, नाहीतर सरळ कॉफीच्या मोठ्या फिल्टरमध्ये घालून फ्रीजमध्ये टांगलं की सकाळी झकास चक्का तयार. ‘क्वार्ग’ नावाने तयार चक्कासुद्धा मिळतो, पण तो फार कोरडा आणि बिनसायीचा. निम्मा-निम्मा घेतलात तर चालेल. वेलदोडा सढळ हाताने घाला. वेलची स्वीडिश लोकांच्या अगदी ओळखीची आहे, त्यांचे गोड बन तिच्यावरच चालतात. केशरही त्यांना नवं नाही, डिसेंबरात लुसियाच्या सणाला केशराचे बन करतात. पिस्ते-बदाम मात्र वरून घालू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणारं कुणी असलं तर पंचाईत नको. श्रीखंड आणि त्यांच्या स्ट्रॉबेरी एकत्र खाऊन बघा. मला ते आम्रखंडापेक्षाही आवडतं, हे सांगलीच्या माणसाला लिहिताना जरा धाकधूक वाटते. आणि ‘आपापलं पेय’ म्हणून कोकमाचं आगळ न्या. गार पाणी, मीठ-साखर, मोठा जग. ते आधी संपेल, बघा.

आगळाची बाटली इथून मोठ्या बॅगेत, नीट गुंडाळून न्या. पण साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, हापूसची पेटी हेही तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. केळी, नारळ, अननस, खजूर यांना सूट आहे. मसाले, डाळी, पापड, कोरडी चटणी यांची काही अडचण नाही, आणि गॉथेनबर्गमध्ये भारतीय किराण्याची दुकानंही आहेत, तेव्हा वीस किलोचं स्वयंपाकघर उचलून नेऊ नका. तिथल्या दुकानात दुधासारख्याच खोक्यात ‘फील’ नावाचं आंबट दूध असतं. बरेच नवखे ते चहात ओततात आणि चहा फाटतो. तेच पाण्यात घुसळून मीठ-जिरं घाला, ताकाची तहान भागते.

डब्याबद्दल. सकाळी दोन दशम्या पर्समध्ये असू द्या, म्हणजे मनाला स्वस्थता. पण तिथे गेल्यावर खोलीत जाऊन गुपचूप खाऊ नका. भूक लागली तर टेबलावर काढा आणि ‘हा आमचा प्रवासातला ब्रेड’ म्हणून सगळ्यांना तुकडा द्या. पूर्ण डबा नेणं मला योग्य वाटत नाही. निरोप आधी गेलेला असताना वेगळा डबा नेणं म्हणजे त्यांनी केलेल्यावर भरवसा नाही असं सांगणं होईल. तुमचं सोवळं कडक असेल, दुसऱ्याच्या भांड्यातलं अजिबात चालत नसेल, तर गोष्ट निराळी. मग तेही निरोपात लिहा आणि उघडपणे डबा न्या.

बाकी किरकोळ गोष्टी. एक म्हणजे एक. पाच मिनिटं आधी पोचलात तर गाडीत बसून राहा, पण उशीर नको. दारात चपला-बूट काढायचे, तिथे तरी आपलं-त्यांचं जुळतं. त्यांची आई तुम्हाला नावाने हाक मारेल, तुमचा भावी जावईसुद्धा. ‘काकू’ नाही, ‘मॅडम’ नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या देशाने अहो-जाहो जवळजवळ मोडीतच काढलं आहे. डॉक्टरलाही नावाने हाक मारतात. तुम्हीही नावानेच हाक मारा. जेवण झाल्यावर उठताना ‘टाक फर मातेन’ म्हणायचं, जेवणाबद्दल आभार. घरातली लहान मुलंही म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक आभाराचा मेसेज. आपण घरच्यांचे आभार मानत नाही, पण तिकडे न मानलेले लक्षात राहतात. ताटल्या उचलायला मदत करू का, असं विचारा. ‘बसा’ म्हणाले तर खरंच बसा.

मिस्टरांचं ‘जायचंच कशाला’ हे मला अपमानापेक्षा संकोचाचं वाटतं. परकी भाषा, परका मासा, आणि ज्याच्याशी मुलगी संसार करणार त्याच्या बापाशी दिवसभर काय बोलायचं? न जाण्याचा पर्याय आहेच, पण मुलीला त्याचं स्पष्टीकरण पुढे कित्येक वर्षं देत बसावं लागेल. त्यापेक्षा सणाच्या आधी एखाद्या दिवशी त्या दोघांना नुसत्या ‘फीका’ला भेटा. फीका म्हणजे कॉफी, बरोबर काहीतरी गोड आणि निवांत गप्पा. तासाभराचं काम, जेवणाचा ताण नाही. गॉथेनबर्गच्या हागा भागात जेवणाच्या ताटाएवढे दालचिनीचे बन मिळतात, एक घेतला तर चौघांत पुरतो. तुम्ही तो खाण्याआधी विचारा, बनवर बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. पहिली ओळख तिथे झाली की मिडसोमरला तुम्ही ओळखीच्या घरी जाल.

तुमच्यासारखेच मुलांकडे किंवा सहलीला निघालेले इतरही वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडं. बाहेर खायचं तर मुख्य जेवण दुपारी करा. साधारण साडेअकरा ते दीड-दोनपर्यंत ‘डागेन्स लुंच’ असतो. एका ठरलेल्या किमतीत मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड, पाणी आणि वर कॉफी. तेच रात्री घेतलं तर खिसा फार लवकर रिकामा होतो. बऱ्याच ठिकाणी त्यात एक शाकाहारी पदार्थ असतो. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि पॅनकेक ही जुनी प्रथा आहे. सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि पॅनकेकमध्ये अंडं, तेव्हा विचारून घ्या. नळाचं पाणी उत्तम आणि हॉटेलात सहसा फुकट, बाटली विकत घेऊ नका. टिप सक्तीची नाही, सेवा आवडली तर रक्कम वरच्या आकड्याला पूर्ण करतात. रोख पैसे अनेक दुकानं घेतच नाहीत, कार्ड हवंच. लोक फोनवरून पैसे देताना दिसतील, पण त्या सोयीला तिथलं बँक खातं लागतं. रात्रीचं जेवण घराघरांत सहाच्या सुमाराला उरकतं. बाहेर दहापर्यंत उजेड असतो, म्हणून फसू नका. लहान गावात साडेआठला स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं.

आणि ताई, मिडसोमरचा आदला दिवस हाच खरा सण, जेवणंही त्याच दिवशी असतात. तो दरवर्षी १९ ते २५ जूनच्या दरम्यानच्या शुक्रवारी येतो. त्या दिवशी पुष्कळ दुकानं लवकर मिटतात, कित्येक हॉटेलं उघडतच नाहीत. श्रीखंडाचं दही बुधवारीच आणा, आणि परत आल्यावर खिचडीपुरतं सामान मुलीच्या घरात आहे ना, तेवढं निघण्याआधी बघून ठेवा.